वाळलेलं तळं आणि चामड्याचा वायसर

बाबा ओझरच्या एचएएलमधून फिटर म्हणून निवृत्त झाले. मिग-२१ची हायड्रॉलिक्स हा त्यांचा विषय. दिवाळीला आई-बाबा आमच्याकडे कॅलिफोर्नियात अर्वाईनला आले, तेव्हा नवऱ्यानं हौसेनं डिस्नेलँडची तिकिटं काढली. बाबा दिवसभर सगळ्यांबरोबर हिंडले आणि रात्री एवढंच म्हणाले, "त्या रोलर कोस्टरचे वेल्ड चांगले आहेत."

मग मीच ठरवलं. त्यांना घेऊन मोहावीच्या वाळवंटात जायचं. १९४६ ते १९६८ या काळात तिथे रॉकेटवर उडणारी प्रायोगिक विमानं उडाली. ती लढाईसाठी नव्हती की प्रवाशांसाठी नव्हती. इतक्या वेगात गेल्यावर विमानाचं नेमकं काय होतं, एवढंच विचारायला ती बांधली होती. आई म्हणाली, "मी नातवापाशी थांबते, तुम्ही बापलेक जाऊन या." दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि फराळातला उरलेला चिवडा तिनं बांधून दिला.

पहिला दिवस, गुरुवार, ६ नोव्हेंबर २०२५

अर्वाईनहून चिनो तासाभरावर आहे. गावाच्या छोट्या विमानतळावर 'प्लेन्स ऑफ फेम' नावाचं संग्रहालय आहे. तिथे मला बाबांना एक पांढरंशुभ्र विमान दाखवायचं होतं: डग्लस कंपनीचं डी-५५८-२ स्कायरॉकेट. अशी तीन विमानं बनली. हे त्यातलं पहिलं.

बाबा समोर उभे राहिले ते दहा मिनिटं हललेच नाहीत. मग बाजूनं, मागून आणि वाकून खालून पाहिलं. मला त्यातलं सौंदर्य दिसत होतं. टोकदार नाक आहे, पंख पस्तीस अंशांनी मागे वळलेले आहेत, पाण्यातून सुळकन जाणाऱ्या माशासारखं आहे सगळं. बाबा मात्र रिव्हेट बघत होते. "एकही डोकं वर आलेलं नाही. हात फिरवला तर कळणारसुद्धा नाही." हात फिरवायला परवानगी नव्हती, नाहीतर फिरवलाच असता.

त्यांना मी याच्या दुसऱ्या भावंडाची गोष्ट सांगितली. स्कॉट क्रॉसफील्ड हा वैमानिक २० नोव्हेंबर १९५३ रोजी त्या विमानातून आवाजाच्या दुप्पट वेगानं गेला. असं करणारा तो पहिला माणूस. मोजमाप आलं मॅक २.००५; मॅक म्हणजे आवाजाच्या वेगाची पट. म्हणजे काठावर पास. तेवढ्यासाठी जमिनीवरच्या माणसांनी काय काय केलं होतं! इंधनाचं अल्कोहोल आधी गार करून ठेवलं, कारण गार अल्कोहोल आकसतं आणि टाकीत थोडं जास्त मावतं. इंजिनाच्या नळकांड्यांना टोकाशी जोड लावले. आणि सगळ्या विमानाला मेण चोळून ते गुळगुळीत केलं. क्रॉसफील्डला त्या दिवशी फ्लू झाला होता.

"मेण कोणी चोळलं?" बाबांनी विचारलं.

"नावं मला माहीत नाहीत."

"हं," एवढंच म्हणाले.

तिथला एक म्हातारा स्वयंसेवक आमच्याभोवती घुटमळत होता. बाबांची नजर कुठे कुठे जाते ते त्यानं हेरलं असावं. तुम्ही विमानातलेच का, असं त्यानं विचारलं. बाबांनी आपल्या नाशिकच्या इंग्रजीत सांगितलं, "मिग ट्वेंटी-वन. हायड्रॉलिक्स." म्हाताऱ्यानं टोपी काढली. पुढचा अर्धा तास दोघंही एकमेकांचं निम्मंच बोलणं समजत होते, पण हातवाऱ्यांवर सगळं चाललं होतं. सव्वा महिन्यापूर्वी, २६ सप्टेंबरला, चंदीगडला मिग-२१ हवाई दलातून निवृत्त झालं. त्याचा निरोप समारंभ बाबांनी टीव्हीवर पाहिला होता. तेही बाबांनी त्याला सांगितलं. आम्हाला मात्र त्या दिवशी ते काहीच बोलले नव्हते.

त्याच संग्रहालयात शुसुई नावाचं, रॉकेटवर उडणारं एक बुटकं जपानी विमान आहे. जर्मनांच्या मेसरश्मिट १६३ची ही नक्कल. ते जर्मन विमान ऑक्टोबर १९४१ मध्ये ताशी १००० किलोमीटरच्या वर गेलं होतं, हे त्या काळात अचाटच होतं. त्याचे आराखडे घेऊन निघालेली जपानी पाणबुडी वाटेत बुडाली. एक अधिकारी थोडे कागद घेऊन आधीच सिंगापूरला उतरला होता, तेवढ्यावर त्यांनी विमान उभं केलं. जुलै १९४५च्या पहिल्याच उड्डाणात इंजिन बंद पडलं आणि वैमानिक गेला. एका टाकीत हायड्रोजन पेरॉक्साइड, दुसऱ्या टाकीत हायड्रॅझिन आणि मिथेनॉल. दोन्ही भेटले की ठिणगीशिवाय पेट घेणार. बाबा दोन पावलं मागे सरकले. रिकामं विमान आहे हो, म्हटलं.

दुपारनंतर कहोन खिंड ओलांडून वाळवंटात उतरलो. पेअरब्लॉसम हायवेवर जोशुआची झाडं सुरू झाली. निवडुंग आणि केवडा यांचं लग्न लागावं तशी ती दिसतात. बाबांनी काच खाली केली, हात बाहेर काढला आणि तळवा आडवा धरला.

"हे बघ. माझा हात म्हणजे मागचं आडवं शेपूट. याच्या शेवटी एक झडप असते, एलिव्हेटर. ती वर-खाली केली की नाक वर-खाली होतं. पण आवाजाच्या वेगाजवळ गेलं की हवेचा एक धक्का नेमका त्या झडपेच्या बिजागरीवर येऊन बसतो. मग झडप हलवा नाहीतर नका हलवू, काही फरक पडत नाही."

"मग?"

त्यांनी सगळा तळवाच तिरका केला. "मग अख्खं शेपूटच हलवायचं. मिगला तसंच असतं."

आवाजाचा वेग पहिल्यांदा ओलांडणाऱ्या बेल एक्स-१ या रॉकेट विमानात नेमकं हेच झालं होतं. १९४७च्या ऑक्टोबरमध्ये त्याचा वैमानिक चक येगर याला मॅक ०.९४च्या आसपास एलिव्हेटरचा काहीच उपयोग होईना. प्रकल्पातला इंजिनियर जॅक रिडली म्हणाला, शेपटाचा आडवा भाग थोडाथोडा तिरका करायला मोटर दिलेली आहेच, उड्डाणात तीच वापर. त्या जोरावर १४ ऑक्टोबरला मॅक १.०६ झालं, ४३,००० फुटांवर. बाबांनी हे कुठेही वाचलेलं नव्हतं. ओझरच्या शॉपमध्ये वर्षानुवर्षं हेच बसवत होते, एवढंच.

दुसरा दिवस, शुक्रवार

लँकेस्टरचा मुख्य रस्ता रुंद आणि झाडाखालचा आहे. त्याच्या कडेला वैमानिकांच्या नावाचे ग्रॅनाइटचे दगड बसवलेत. येगर, क्रॉसफील्ड आणि एक्स-१५ या रॉकेट विमानातून मॅक ६.७० गाठणारा पीट नाइट, असे सगळे तिथे भेटतात. हा नाइट पुढे शेजारच्या पामडेलचा महापौर झाला. ताशी ४,५२० मैलांनी गेलेला माणूस नगरपालिकेच्या बैठकीत गटारांवर बोलत बसला असेल, हे मला फार आवडलं. बाबांनी सगळे दगड वाचले आणि विचारलं, "यात मेकॅनिक एकही नाही?" कोपऱ्यावर कॉफी घेऊन पुढे निघालो.

गावातल्या अँटिलोप व्हॅली कॉलेजात स्कायरॉकेटचं तिसरं भावंड उघड्यावर उभं आहे. कॉलेजची मुलं त्याच्याकडे ढुंकूनही न बघता जातात. आपल्याकडे शाळेसमोर रणगाडा ठेवलेला असतो, त्याच्याकडे कोण बघतं?

मग एडवर्ड्स, हवाई दलाचा तळ. या सगळ्या विमानांचं माहेर तेच. इथे पहिल्यांदा म्युरॉक नावाचं चिमुकलं ठिकाण होतं. कोरम आडनावाच्या कुटुंबानं १९१०च्या सुमारास वस्ती केली. टपाल खात्याला ते नाव चाललं नाही, तेव्हा त्यांनी आडनाव उलटं लिहून दिलं. इंग्रजीत उलटं वाचलं की कोरमचं म्युरॉक होतं. १९४८ मध्ये ग्लेन एडवर्ड्स हा वैमानिक इथेच अपघातात गेला आणि पुढे तळाला त्याचं नाव दिलं.

तळावर, नासाच्या मुख्य इमारतीपुढे एक्स-१ई उभं आहे. पहिल्या तीन एक्स-१ पैकी दुसरं विमान पातळ पंख लावून नव्यानं बांधलं, तेच हे. ते बाबांना दाखवावं म्हणून मी महिनाभर आधी चौकशी केली होती. भारतीय पासपोर्टवर आलेल्या पाहुण्याला असं उठून आत जाता येत नाही, हे मला आधीच कळलं होतं. तरीही पश्चिम दरवाजापर्यंत गेलो. पहारेकऱ्यानं अतिशय नम्रपणे गाडी कुठे वळवायची ते दाखवलं. माझ्या मनाला जरा लागलं. बाबांना बिलकूल नाही. "बरोबर आहे त्याचं. ओझरच्या गेटवर मी तुझ्या आईला कधी आत नेलं होतं का?"

दरवाजाबाहेर 'सेंच्युरी सर्कल' आहे, एफ-१०० पासून एफ-१०६ पर्यंतची लढाऊ विमानं गोलाकार मांडलेली. बाबा एफ-१०४ समोर थांबले. १९७१ च्या डिसेंबरात जामनगरजवळ आपल्या मिगनं पाकिस्तानचं असंच एक पाडलं होतं. शाळकरी वयात रेडिओवर ऐकलेली ती बातमी त्यांना शब्दन्‌शब्द आठवत होती. शत्रूच्या विमानाकडे इतक्या आपुलकीनं बघणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

आम्ही तिथे असतानाच आकाशात धाडदिशी आवाज झाला. एकाला लागून दुसरा. आवाजापेक्षा वेगानं जाणाऱ्या विमानाचा तो दणका. मी दचकले. बाबा वर बघत म्हणाले, "गेला बघ." आकाशात काहीच दिसत नव्हतं. आवाज पोहोचेपर्यंत विमान कुठच्या कुठे गेलेलं असतं.

बेल एक्स-१ ची गोष्ट बाबांना मी दशम्या खाताना सांगितली, गाडीच्या सावलीत बसून. विमानाचा आकार बंदुकीच्या गोळीवरून घेतला, कारण पॉइंट फिफ्टीची, म्हणजे अर्ध्या इंचाची, गोळी आवाजापेक्षा वेगानं जाऊनही स्थिर राहते हे माहीत होतं. लांबी सुमारे ३१ फूट. इंजिनाला चार नळकांडी, प्रत्येकी १,५०० पौंडांचा रेटा. त्यात कमी-जास्त काही नाही. एक पेटवा, दोन पेटवा, नाहीतर चारही. चारही पेटवली तर इंधन अडीच मिनिटांत संपणार. म्हणून जमिनीवरून उडण्यात ते वाया घालवायचं नाही. बी-२९ बॉम्बरच्या पोटाला लटकवून वर न्यायचं आणि सोडून द्यायचं.

"पोटाला लटकवायचं कसं? बॉम्बर तर जमिनीला टेकलेला असणार," बाबा म्हणाले.

"खड्डा खणला होता. एक्स-१ खड्ड्यात उतरवायचं, त्याच्यावर बॉम्बर ढकलत आणायचा आणि मग एक्स-१ वर उचलून अडकवायचं."

बाबा खुश झाले. आमच्या नाशिकच्या गॅरेजमध्ये ट्रकखाली जायला असतो तसाच खड्डा की! त्याहून खुश झाले झाडूच्या दांड्यावर. येगरच्या १४ ऑक्टोबरच्या उड्डाणाआधी दोन रात्री तो घोड्यावरून पडला आणि त्याच्या बरगड्या मोडल्या. एक्स-१ चं दार उजवीकडे, आणि उजव्या हातानं त्याला जोर लावता येईना. रिडलीनं झाडूचा दांडा कापून त्याचा दहा इंचांचा तुकडा दिला. तो तरफेसारखा अडकवून येगरनं डाव्या हातानं दार लावलं. कोट्यवधींचं विमान आणि त्याला झाडूचा दांडा. बाबा हसत हसत म्हणाले, "हा रिडली आमच्यातला दिसतो."

पण त्या दिवसाची खरी गोष्ट रात्री घडली, लँकेस्टरच्या मोटेलच्या खोलीत.

मी फोनवर या विमानांच्या अपघातांची जंत्री वाचून दाखवत होते. २२ ऑगस्ट १९५१ ला एक्स-१ चं पुढचं रूप, एक्स-१डी, बॉम्बरला लटकलेलं असतानाच स्फोट झाला आणि ते खाली टाकून द्यावं लागलं. ९ नोव्हेंबर १९५१ ला एक्स-१ च्या पहिल्या तिघांतलं तिसरं विमान, जमिनीवरच. वैमानिक जो कॅनन गंभीर भाजला, वाहक बी-५० सुद्धा जळालं. १२ मे १९५३ ला एक्स-२ चं दुसरं विमान, ऑन्टारियो सरोवरावर. त्यात वैमानिक स्किप झीगलर आणि बॉम्बरमधला फ्रँक वोल्को असे दोघं गेले. ८ ऑगस्ट १९५५ ला एक्स-१ए, पुन्हा बॉम्बरच्या पोटाशी असतानाच. जो वॉकर त्यातून वेळीच वर निसटला, म्हणून वाचला.

बाबा पलंगावर पडून ऐकत होते. उठून बसले.

"चारही वेळा इंजिन चालू नव्हतं?"

"नव्हतं. सोडायच्या आधीच."

"चारही वेळा ऑक्सिजन भरलेला होता?"

"द्रव ऑक्सिजन. उणे १८३ अंश."

"टाकीच्या जोडांना गॅस्केट कशाचं होतं?"

खरं सांगते, मी पुढचं वाचलेलं होतं. पण त्यांनी विचारलेला प्रश्न ऐकून माझ्या अंगावर काटा आला. कारण चार वर्षं मोठमोठ्या तपास समित्यांना हा प्रश्न सुचला नव्हता. आधीच्या अपघातांची खापरं भलत्याच गोष्टींवर फुटली होती. एक्स-१ए नंतर टाकीच्या अवशेषात काहीतरी तेलकट सापडलं आणि तपास तिकडे वळला. गॅस्केट चामड्याचं होतं. चामडं मऊ राहावं आणि त्यातून गळू नये म्हणून ते ट्रायक्रेसिल फॉस्फेट नावाच्या तेलकट रसायनात भिजवलेलं होतं. द्रव ऑक्सिजनमध्ये असं चामडं ठेवून वरून हलकासा ठोका दिला, तर ते बॉम्बसारखं उडतं. प्रयोगशाळेत त्यांनी करून पाहिलं, तेव्हा पटलं.

"चामड्याचा वायसर," बाबा म्हणाले. "सायकलच्या पंपात असतो तसा."

मला एकदम तो पंप आठवला. गंगापूर रोडच्या घरी अंगणात असायचा. हवा भरेनाशी झाली की बाबा दांडा बाहेर काढायचे. टोकाला चामड्याची काळी वाटी. ती वाळलेली असायची. तिला खोबरेल तेल चोळायचे, बोटानं फुगवायचे आणि परत आत घालायचे. पंप पुन्हा चालू! चामड्याला तेल हवंच. बाबा म्हणाले, "त्यांनीही तेच केलं. चुकीचं नाही केलं. पाणी असतं, पेट्रोल असतं, तर शंभर टक्के बरोबर होतं. ऑक्सिजन होता, म्हणून मेले."

मग ते बराच वेळ बोलत राहिले. ऑक्सिजनच्या कामाला निघण्याआधी हात कसे धुवायचे. खिशात तेलाचं फडकं ठेवायचं नाही. डोक्याला तेल लावून यायचं नाही. पहिल्याच महिन्यात वरिष्ठ फिटरनं त्यांना केसांना लावलेल्या तेलावरून घरी पाठवलं होतं आणि ते संतापले होते. आमच्या घरी गॅसचं सिलिंडर आलं की बाबा आधी त्याच्या तोंडातला रबराचा वायसर काढून उजेडात धरून बघायचे, मगच रेग्युलेटर लावायचा. आईला त्याचा राग यायचा, भात खोळंबलेला असायचा. तिला आणि मला वाटायचं, हा माणूस फार किचकट आहे.

तिसरा दिवस, शनिवार

मोहावी गावाच्या विमानतळावर रोटॉन नावाचं शंकूसारखं उंच यंत्र उभं आहे. डोक्यावर पंखा आणि पंख्याच्या टोकांना छोटी रॉकेटं. १९९९ मध्ये ते तीनदा थोडंसं उडालं, मग कंपनीचे पैसे संपले. बाबांना ते बघून हसू आवरेना. पण स्पेसशिपवनची गोष्ट ऐकून गंभीर झाले. ते इथूनच उडालं. एक्स-१५ चा उंचीचा विक्रम ३,५४,२०० फुटांचा, जो वॉकरनं २२ ऑगस्ट १९६३ ला केलेला. तो ४१ वर्षांनी, ४ ऑक्टोबर २००४ रोजी, या खासगी विमानानं मोडला. त्याचं इंधन होतं रबर, आणि ते जाळायला नायट्रस ऑक्साइड.

"रबर जाळून?" बाबा म्हणाले. "आणि आपण वायसर सांभाळतोय."

पूर्वेला हायवे ५८ लागला. एडवर्ड्स तळाच्या नॉर्थ गेटजवळ एक जुनं बी-५२ बॉम्बर विमान आहे, नंबर ००८. माझ्या मते या चार दिवसांतली बघण्यासारखी सगळ्यात मोठी गोष्ट तीच, आणि तिथे आमच्याशिवाय दुसरं कुत्रंही नव्हतं. याच्या उजव्या पंखाखाली एक्स-१५ लटकवत. ४५,००० फुटांवर नेऊन सोडत. एक्स-१५ तीन होती, १९५९ ते १९६८ मध्ये त्यांची १९९ उड्डाणं झाली, बारा वैमानिकांनी केली. इन्कोनेल एक्स नावाच्या निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूचं अंग, कारण त्या वेगात हवेच्या घर्षणानं ॲल्युमिनियम लोण्यासारखं मऊ पडेल. उतरताना मागे चाकं नव्हती, पोलादी पट्ट्या होत्या. तळ्याच्या पाठीवर घसरत जायचं.

बाबांनी लगेच बोट दाखवलं. बी-५२ च्या उजव्या पंखाची मागची कड एका जागी चौकोनी कापलेली आहे. एक्स-१५ चं उभं शेपूट तिथे मावावं म्हणून. "पंखाला असं कापायचं धाडस कोणी केलं असेल? आधी कागदावर किती महिने भांडले असतील!" मला ते भांडण डोळ्यांसमोर दिसलं. मी स्वतः आकडेमोडीच्या धंद्यात आहे. मला आठवल्या त्या बायका. १९४६ च्या सप्टेंबरअखेर नाका या नासाच्या आधीच्या संस्थेचे तेरा लोक म्युरॉकला आले. पुढे तिथे ज्या बायका काम करायला लागल्या, त्यांना 'कम्प्युटर' म्हणत. त्यांची प्रमुख रॉक्सना यान्सी. विमानातल्या उपकरणांनी फिल्मवर रेघा काढलेल्या असत. त्या भिंगाखाली ठेवून, पट्टीनं मोजून, आकडे मांडायचे. येगर आवाजाच्या पुढे गेला हे तळावरच्या लोकांनी त्या दणक्यावरून मानलं असेल. संशोधनाला मात्र त्या रेघा लागायच्या. तेव्हा ते उड्डाण गुप्त होतं. डिसेंबर १९४७ मध्ये एका मासिकानं बातमी फोडली तरी हवाई दलानं मान्य केलं ते पुढच्या वर्षी जूनमध्ये.

बोरॉनच्या अलीकडे एका चढावर गाडी थांबवली. दक्षिणेला, क्षितिजावर, एक पांढरी पट्टी. रॉजर्स ड्राय लेक. ४४ चौरस मैलांचं वाळलेलं तळं. पावसाळ्यात त्यात वीतभर पाणी साचतं, वारा ते पाणी इकडून तिकडे ढकलत राहतो, आणि पाणी वाळलं की जुने चाकांचे ओरखडे भरून सगळं सपाट झालेलं असतं. दरवर्षी फुकटात सारवून मिळणारं अंगण. त्यावर आखलेली सगळ्यात लांब धावपट्टी साडेसात मैलांची आहे. इंजिन विझलेल्या, दुसरी संधी नसलेल्या विमानाला कुठूनही येऊन टेकता यावं, यासाठी यापेक्षा चांगली जागा नव्हती.

एवढ्या लांबून फार काही दिसत नव्हतं. उन्हात पट्टी हलत होती. बाबा बॉनेटला टेकून चिवडा खात उभे राहिले. मी दुर्बीण दिली. त्यांनी ती घेतली, पाहिलं आणि परत केली. "सपाट आहे," म्हणाले.

चौथा दिवस, रविवार, ९ नोव्हेंबर

सकाळी तारीख बघून बाबांनीच आठवण केली. त्या तिसऱ्या एक्स-१ चा हाच दिवस, ७४ वर्षांपूर्वीचा.

रँड्सबर्ग हे सोन्याच्या खाणीचं जुनं गाव. जवळजवळ ओस पडलेलं. एक जुनं दुकान अजून चालू असतं, तिथे सोडा मिळतो. गावाच्या आसपासच्या उघड्या माळावर १५ नोव्हेंबर १९६७ रोजी एक्स-१५ चं तिसरं विमान पडलं. मेजर मायकेल ॲडम्स २,६६,००० फुटांवर गेला होता. वर चढताना एका प्रयोगाच्या उपकरणामुळे विजेत गडबड झाली, त्यानं लक्ष विचलित झालं, विमान हळूहळू आडवं वळत गेलं. मॅक ५ च्या वेगात गिरकी. त्यातून तो बाहेर आला, पण नियंत्रण यंत्रणा स्वतःच थरथरत राहिली आणि ६२,००० फुटांच्या आसपास विमानाचे तुकडे झाले. अमेरिकी हवाई दल पन्नास मैलांच्या वर गेलेल्याला अंतराळवीर म्हणतं. ॲडम्सला तो पंखांचा बिल्ला मृत्यूनंतर मिळाला. १९९ उड्डाणांत मरण पावलेला हा एकच वैमानिक.

कच्च्या रस्त्यावर गाडी रडतखडत नेली. एक छोटं स्मारक आहे, २००४ मध्ये एका स्काउट मुलानं पुढाकार घेऊन उभं केलेलं. भोवती नुसती झुडपं आणि वारा. बाबांनी चपला काढल्या. का काढल्या ते मी विचारलं नाही. मीही काढल्या. वाळू गार होती.

परत येताना ते खाली बघतच चालत होते. वाकले, काहीतरी उचललं. अंगठीएवढी लोखंडी चकती, काठ खाल्लेला. माझ्या काळजाचा ठोका चुकला. मी जवळ गेले. त्यांनी ती उजेडात धरली, उलटी केली, नखानं खरवडली. घरी सिलिंडरचा वायसर बघायचे, अगदी तस्सं.

"जीपचा आहे कुणाच्या तरी," बाबा म्हणाले. "इन्कोनेलला असा गंज चढत नाही."

आणि त्यांनी तो जिथे सापडला होता तिथेच परत ठेवला.